डाव्या कानाचा पाव्हणा

अहमदपूर तालुक्यात असं घर सापडणं अवघड, जिथं भिंतीवर, ट्रंकेत नाहीतर पासबुकावर ग्यानोबांनी काढलेला एक तरी फोटो नाही. बसस्टँडामागच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ चाळीस वर्षं चालला. बारशाचे फोटो, दहावीच्या फॉर्मचे फोटो, मुलगी दाखवायचे फोटो, लग्नाचे अल्बम, एप्रिलातल्या जयंतीच्या मिरवणुकीचे फोटो आणि सगळ्यात शेवटी हार घालून टांगायचा तो फोटो. एकेका माणसाचं अख्खं नाटक त्यांनी तिसऱ्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत पाहिलं, आणि तेही पहिल्या रांगेत बसून.

"हलू नका" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आवाज असा खर्जातला, की पंचायत समितीचे सभापतीसुद्धा खुर्चीत ताठ होऊन श्वास धरायचे. पोरं तर त्यांना 'हलू नका काका' म्हणूनच ओळखायची. पण श्वास धरून बसलेला माणूस फोटोत हमखास दुसराच कुणीतरी दिसतो, हे ग्यानोबांना धंद्यात पडल्यावर वर्षभरातच कळलं होतं. त्यावर त्यांनी एक युक्ती काढली. "हलू नका" म्हणायचं, मान कॅमेऱ्यावर झुकवायची आणि जीभ टाळ्याला लावून 'टक' असा आवाज काढायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, झालं. मग त्याचे खांदे खाली यायचे, टोपी सरळ व्हायची, शेजारी बसलेल्या बायकोकडं बघून तो ओशाळं हसायचा. नेमक्या त्या क्षणी ग्यानोबा खरं बटण दाबायचे. चाळीस वर्षांत ही लबाडी कुणालाही सापडली नाही. ती ठाऊक होती फक्त त्यांच्या बायकोला, सरजाबाईंना. आतल्या काळ्या खोलीत ते फोटो पाण्याच्या ट्रेमधून धुऊन, चिमटे लावून दोरीवर वाळत घालायचं काम त्यांचं. प्रत्येक फोटोतला माणूस शाळा सुटल्यासारखा का हसतो, हे त्यांनी एकदा नवऱ्याला खोदून खोदून विचारून घेतलं होतं.

मग ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आला. ग्यानोबांनी कुरकुर केली नाही. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांनी पाटी उतरवली, गिऱ्हाइकाचं स्टूल माळ्यावर टाकलं आणि त्या जागी दिवाण आणून ठेवला. स्टुडिओची बैठकीची खोली झाली. सरजाबाई तेव्हा अजून अंगणवाडीत नोकरीला होत्या. एकतीस वर्षं त्यांनी तिथं पोरं सांभाळली. गेल्या वर्षी त्याही निवृत्त झाल्या आणि घर एकदम गप्प झालं. माणसं दोन, पण खिचडी मोठ्या पातेल्यात व्हायची, कारण हाताला कमी टाकायची सवयच नव्हती. अकरा वाजले की त्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. कुणाची वाट बघताय, असं ग्यानोबांनी विचारलं की म्हणायच्या, कुणाची न्हाई, पाय आपोआप येतात.

त्यांची मुलगी लुंबिनी लातूरला एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. आईच्या त्या दारात उभं राहण्याबद्दल तिला बापाकडून कळलं आणि तिनं एके दिवशी आईला फोनवर एका कुत्र्याची गोष्ट सांगितली. लातूरच्या मार्केट यार्डाजवळ गाडीनं उडवलेला, मागचा पाय मोडलेला. राजकन्या नावाच्या एका शिक्षिकेनं आणि तिच्या चार मैत्रिणींनी त्याला उचलून उपचार केले. पाय बरा झाला, नसबंदी झाली, पण दोन महिने झाले तरी त्याला कुणी घरी न्यायला तयार नव्हतं. रंग साधा मातकट, वय तीन-चार वर्षांचं, पिल्लू म्हणून कौतुक करावं तर तेही नाही. फोटो पाठव म्हटल्यावर लुंबिनी म्हणाली की फोटोच नाही. त्याचा जन्मात एकच फोटो निघाला होता, तोही ऑपरेशनच्या टेबलावर भूल दिलेली असताना, जीभ बाहेर काढून पडलेला.

सरजाबाईंनी पुढचं काही ऐकलं नाही. घेऊन ये म्हणाल्या. ग्यानोबांना हे पसंत नव्हतं. या वयात कुत्र्यामागं कोण पळणार, असं त्यांचं म्हणणं. शेवटी तडजोड म्हणून ते म्हणाले, "आठ दिस पाव्हणा म्हणून राहू द्या. मग बघू." तेवढ्यावरून कुत्रा यायच्या आधीच त्याचं नाव पाव्हणा पडलं.

रविवारी सकाळी राजकन्या स्वतः व्हॅनमधून त्याला घेऊन आली. पस्तिशीची बाई, शाळेतल्यासारखं एकेक वाक्य सुटं करून बोलणारी. तिनं कागद पुढं केला आणि अटी वाचून दाखवल्या. साखळीनं बांधायचं नाही. उघड्यावर ठेवायचं नाही. इंजेक्शनची तारीख चुकवायची नाही. आणि आठ दिवसांच्या आत एक फोटो पाठवायचा: कुत्रा घरात बसलेला, चेहरा स्पष्ट, डोळे उघडे, दोन्ही कान दिसणारे. डाव्या कानाच्या टोकाला नसबंदीची खूण म्हणून खाच केलेली असते, ती दिसली पाहिजे. गेल्या वर्षी एकानं कुत्रा नेऊन शेतात राखणीला बांधून टाकला, दुसऱ्यानं परस्पर देऊन टाकला आणि भलत्याच कुत्र्याचा फोटो पाठवला, तेव्हापासूनचा हा नियम. फोटो आला की कुत्रा कायमचा तुमचा, नाही आला तर पुढच्या रविवारी मी त्याला परत न्यायला येणार, असं तिनं सांगितलं.

फोटोचा विषय निघताच ग्यानोबांच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी ते जुनं तेज आलं. ते म्हणाले, बाई, बाकीच्या अटींचं लुंबिनीची माय बघतील, फोटोचं तेवढं माझ्यावर सोडा.

सरजाबाई तोवर जमिनीवर बसून पाव्हण्याला मांडी घालायला सांगत होत्या.

पहिला दिवस ग्यानोबांनी त्याला रुळू दिलं. दुसऱ्या दिवशी पाव्हणा दारातल्या उन्हात बसलेला पाहून त्यांनी मोबाइल काढला आणि डोळ्यांसमोर न्यायला हात उचलला. तो हात चेहऱ्यापर्यंत जायच्या आत पाव्हणा दिवाणाखाली गेला होता. संध्याकाळी पुन्हा तेच. बसल्या जागेवरून, दाराआडून, ताटाआडून, सगळ्या बाजूंनी करून झालं. मोबाइल छातीच्या वर गेला की गडी गायब. ग्यानोबांना वाटलं, यंत्राला भितो. मग त्यांनी नुसताच हात वर करून पाहिला, तरी तो पळाला. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. त्याच्या आजवरच्या आयुष्यात वर गेलेल्या प्रत्येक हातातून दगडच आला होता. वाकलेला माणूसही त्याला चालत नसे, कारण वाकलेला माणूस दगड उचलतो.

बुधवारपर्यंत मोबाइलमध्ये चाळीसएक फोटो जमले. दिवाणाचा पाय, शेपटाचं टोक, सरजाबाईंची चप्पल आणि एक मातकट धूर. लुंबिनीनं ते पाहून विचारलं की बाबा, यातला कुत्रा कोणता.

सरजाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "चाळीस वर्सं सगळ्या तालुक्याला हलू नका, हलू नका करून बसवलं. आन घरातलं एक मुकं जनावर बसवता येईना व्हय तुमाला?"

"सभापतीला खुर्ची सोडून जायचं नसतं, म्हणून त्यो बसतो," ग्यानोबा म्हणाले. "याला कसली खुर्ची देऊ?"

शेजारचे संगप्पा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांनी सल्ला दिला की झोपल्यावर काढा, प्रवासी झोपला की कुठं जातो. ग्यानोबांनी तेही केलं. पण पाव्हणा झोपायचा तो नाक शेपटात खुपसून, दोन्ही कान पाडून. आणि फरशीवर अनवाणी पाऊल वाजलं तरी एक डोळा उघडायचा. शिवाय राजकन्येला डोळे उघडे हवे होते.

गुरुवारी ग्यानोबांनी माळ्यावरून पडदा काढला. हा पडदा म्हणजे स्टुडिओची शान. उदगीरच्या एका पेंटरनं रंगवलेला: संगमरवरी जिना, कारंजं, कारंज्यात दोन हंस, त्यातल्या एकाची मान पेंटर जेवून आल्यावर जरा जास्तच लांब झालेली. मुखेडपासून उदगीरपर्यंतच्या कितीतरी नवऱ्या मुलींनी या जिन्यावर उभं राहून नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावला होता. ग्यानोबांच्या हाताखालून पडद्याशिवाय कुणी गेलंच नव्हतं, मग घरचा पाव्हणा तसाच कसा जाणार? त्यांनी भिंतीच्या खिळ्यांना पडदा टांगला, खालचं टोक फरशीवर पसरलं, दारातून उजेड बरोबर येतो का पाहिलं आणि नटाला एंट्रीची खूण करावी तसा पाव्हण्याकडं हात केला. पाव्हणा उठला, पडद्याच्या कडेशी गेला, वास घेतला आणि सरळ पडद्यामागं जाऊन बसला. दुपारभर तो विंगेतून बाहेर आलाच नाही. खाली शेपूट तेवढं दिसत राहिलं.

पडदा काढायचं तसंच राहिलं. शुक्रवारी सरजाबाईंनी दाखवलं तेव्हा ग्यानोबांनी पाहिलं, की फरशीवर पसरलेल्या टोकावर, रंगवलेल्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, पाव्हणा अंगाचं वेटोळं करून झोपला आहे. त्याला ती जागा आवडली होती. अकरा वाजता सरजाबाई पातेल्यावर पळी वाजवून अंगणवाडीतल्यासारखं "चला, खिचडी" म्हणायच्या, की तो पायरीवरून उठायचा, खाऊन पुन्हा पायरीवर जायचा. दारात जाऊन उभं राहणं त्यांनी त्या आठवड्यात एकदाही केलं नव्हतं. ग्यानोबांनी हे मोजलं नव्हतं, पण त्यांना ते दिसलं होतं.

शनिवार उजाडला. दुपारी ग्यानोबा बाहेरून आले तर सरजाबाई पाव्हण्याची वाटी घासून पुसत होत्या. त्यांच्या जुन्या लुगड्याची त्याच्यासाठी शिवलेली गोधडी घडी करून दाराजवळ ठेवलेली होती.

"हे काय चालवलंय?" ग्यानोबांनी विचारलं.

"उद्या गाडी यायची. त्याचं सामान त्याच्यासंगं दिऊ. तिकडं त्याला आपला वास तरी राहील."

एवढं बोलून त्या आत गेल्या. ग्यानोबांना त्यांच्याकडं बघवेना आणि पाव्हण्याकडंही बघवेना. अशा वेळी माणसानं कुठं बघावं? त्यांनी कोपऱ्यातली ट्रंक उघडली. तिच्यात तळाशी, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला, त्यांचा पहिला कॅमेरा होता. चौकोनी डब्यासारखा, एकावर एक अशी दोन भिंगं असलेला. हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि आतल्या काचेत मान घालून बघायचं. समोरचं सगळं त्या काचेत दिसतं. त्याचा रोल अहमदपुरात मिळायचा बंद होऊन जमाना झाला होता. तरी ग्यानोबा फरशीवर मांडी घालून बसले, तो मांडीवर घेतला, भिंगावरची धूळ फुंकली, झाकण उघडलं आणि सवयीनं मान खाली घातली.

काचेत जिना दिसला, कारंजं दिसलं, लांब मानेचा हंस दिसला. आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, कान टवकारून, सरळ त्यांच्याकडं बघत बसलेला पाव्हणा दिसला.

ग्यानोबा हलले नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलेलं वाक्य त्यांनी त्या दिवशी स्वतः पाळलं. पाव्हणा कामून पळाला न्हाई, याचा विचार करता करता त्यांना उमगलं. हात वर गेलाच नव्हता. डोळ्याला डोळाही भिडला नव्हता. मांडी घालून बसलेला आणि समोरच्यापुढं मान झुकवलेला एक म्हातारा, याला कोण कशाला भिईल? त्यांनी आवाज न चढवता, मान न उचलता हाक मारली.

"लुंबिनीची माय. मोबाइल घ्या आन सावकाश माझ्या बाजूला येऊन बसा. उभं राहू नका, वाकू नका."

सरजाबाई आल्या, बसल्या, काचेत डोकावल्या आणि क्षणभर तोंडावर पदर धरून राहिल्या. ग्यानोबांनी पुटपुटत सांगितलं, की मोबाइल पाव्हण्याकडं धरायचाच नाही. तो आडवा, या झाकणावर, काचेकडं तोंड करून धरायचा. काचेत जे दिसतंय त्याचाच फोटो काढायचा. इतक्या वर्षांत सरजाबाईंनी हजारो फोटो धुतले होते, वाळवले होते, कापले होते. बटण मात्र कधी दाबलं नव्हतं. ग्यानोबांनी जीभ टाळ्याला लावली आणि 'टक' केलं. पाव्हण्यानं तो आवाज ऐकून मान एका बाजूला कलती केली, जणू पुढचं वाक्य कोणाचं, असं प्रॉम्प्टरला विचारतोय.

"दाबा," ग्यानोबा म्हणाले.

फोटो असा आला, की दोघांनीही तो बराच वेळ नुसता धरून ठेवला. कडेनं थोडा अंधार, मधे मऊ उजेड, त्यात राजवाडा आणि राजवाड्याच्या पायरीवर मान कलती करून बसलेला पाव्हणा. दोन्ही डोळे उघडे, दोन्ही कान उभे, कानाची खाच स्पष्ट. सरजाबाईंनी आधी गोधडी उचलून पुन्हा पायरीजवळ टाकली. मग तो फोटो राजकन्येला पाठवला, लुंबिनीला पाठवला. ग्यानोबांनी संगप्पांना आणि सगळ्या गल्लीला बोलावून दाखवला. त्या संध्याकाळी मोठ्या पातेल्यातली खिचडी पहिल्यांदाच पुरली नाही.

रविवारी सकाळी राजकन्येचा फोन आला. आवाज थंड होता. ती म्हणाली, "काका, मी तुम्हाला चांगली माणसं समजले होते. हा कुत्रा आमचा नाही. आमच्या कुत्र्याची खाच डाव्या कानाला आहे, फोटोत उजव्या कानाला आहे. आणि हे घर तरी कोणाचं आहे? तुमच्याकडं राजवाडा कुठून आला?" आमचा कुत्रा तुम्ही कुणाला दिला ते मी आल्यावर विचारते, असं म्हणून तिनं फोन ठेवला. ती निघाली होती.

सरजाबाई धावत पाव्हण्यापाशी गेल्या. खाच डाव्या कानाला होती, कालही होती आणि आजही. मग मोबाइलमध्ये बघितलं तर उजव्या. त्या कधी नवऱ्याकडं, कधी कुत्र्याकडं बघू लागल्या. म्हणाल्या, एका रातीत कान कसा काय बदलंल हो?

ग्यानोबांनी कॅमेरा पुन्हा मांडीवर घेतला आणि भिंगासमोर स्वतःचा उजवा हात धरला. काचेत तो दुसऱ्याच बाजूनं आला. मग त्यांनी कपाळावर हात मारला. त्या काचेत सगळं आरशासारखं उलटं दिसतं. रोलवर फोटो सुलटा यायचा. काच नुसती बघायला असायची. गिऱ्हाईक काचेत डावीकडं सरकलं की ग्यानोबांचे हात कॅमेरा आपोआप उजवीकडं फिरवायचे. त्या कॅमेऱ्याच्या दिवसांत हातांनी हे परस्पर सांभाळलं, डोक्याला कधी विचारलंच नाही. आणि काल पहिल्यांदा त्यांनी काचेचाच फोटो काढला होता. राहिला राजवाडा. घरातला फोटो पाहिजे, ही अट त्यांनी कान देऊन ऐकली होती. पण पडदा म्हणजे घराच्या बाहेरचं काहीतरी, असं त्यांच्या मनात आलंच नव्हतं.

लुंबिनीला फोन केला तर ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, बाबा, एका बोटानं फोटो सुलटा करता येतो, मी करून पाठवते. ग्यानोबांनी नको म्हणून सांगितलं. एका फोटोवर शंका आली असताना दुसरा दुरुस्त करून पाठवला, तर ती बाई काय समजेल? त्यापेक्षा येऊ दे, डोळ्यांनी बघू दे.

साडेदहाला व्हॅन दारात थांबली. राजकन्येनं आत येता येता मोबाइल काढला, त्यात ऑपरेशनच्या टेबलावरचा तो जुना फोटो उघडला आणि ताडून बघायला हात वर केला. पाव्हणा दिवाणाखाली गेला. ती वाकून बघायला लागली, तसा तो आणखी आत भिंतीला चिकटला. तिला दिसलं ते फक्त शेपूट, आणि शेपटावर खाच नसते.

"कुत्रा दाखवा," ती म्हणाली.

"बाई, तुमी खाली बसा," ग्यानोबा म्हणाले. "मोबाइल पर्समधी ठेवा. मी हितं बसतो तसं मांडी घालून बसा. आन ही काच बघा."

तिच्या मनात नव्हतं, पण समोरचा माणूस वयानं थोर होता आणि त्या आवाजात अजून सभापतींना बसवायची ताकद होती. ती बसली. ग्यानोबांनी कॅमेरा तिच्या मांडीवर ठेवला, झाकण उघडलं, मान खाली घालायला सांगितलं. तिला काचेत राजवाडा दिसला. तिनं मान वर करून पाहिलं, तर भिंतीवर टांगलेला पडदा. हे काय, असं ती विचारणार तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात सरजाबाईंनी पातेल्यावर पळी वाजवली.

"चला, खिचडी," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच ठेवायचा त्यांचा प्रयत्न होता.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग दिवाणाखालून एक नाक आलं, दोन पाय आले, मग पाव्हणा सगळाच आला. सरजाबाईंनी वाटी पायरीजवळ ठेवली आणि त्याही तिथंच फरशीवर बसल्या. त्यानं खिचडी चाटून पुसून खाल्ली, गोल फिरला, राजकन्येकडं तोंड आणि सरजाबाईंकडं पाठ करून बसला आणि पाठीचा सगळा भार त्यांच्या गुडघ्यावर टाकला.

"कुठल्या कानाला हाय?" ग्यानोबांनी हळूच विचारलं.

राजकन्या काचेत बघून म्हणाली, उजव्या.

"आता मान वर करा. सावकाश."

तिनं मान वर केली. खाली बघितलं, पुन्हा वर बघितलं. मग आपला स्वतःचा हात भिंगासमोर धरून पाहिला, लहान पोरं पाण्यात हात घालून बघतात तसा. आणि त्यानंतर मात्र तिला हसू आवरेना. ग्यानोबाही हसले, पण सरजाबाई अजून हसल्या नव्हत्या. त्यांचा हात पाव्हण्याच्या मानेवर होता आणि नजर राजकन्येच्या पर्सवर, जिच्यात तो कागद होता.

राजकन्या हसायची थांबली ती त्यांच्याकडं बघून. मग म्हणाली, "काकू, हा आमच्याकडं दोन महिने होता. आम्ही पाचजणी होतो. तो एकदाही कुणाकडं पाठ करून बसला नाही. भिंत लागायची त्याला पाठीला." तिनं कागद काढला. "कान नसता दिसला तरी चाललं असतं."

कागदावर तिनं सही केली. मग नाव काय लिहू, असं विचारलं. ग्यानोबांनी सांगितलं, पाव्हणा. पाव्हणा आणि कायमचा, हे कसं काय, असं तिनं विचारल्यावर ते म्हणाले, आमच्याकडं पाव्हण्याला लवकर जाऊ देत न्हाईत. सरजाबाईंनी डोळे पुसले, गोधडी झटकली आणि तिला जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणून सांगितलं. खिचडी होतीच, पातेलंभर.

जेवणं झाल्यावर राजकन्येनं तो कॅमेरा पुन्हा मागून घेतला. ती म्हणाली, हा उलटा फोटोच आमच्या फाइलला राहू दे, असा कुणाचाच नाही; पण घरच्या माणसांसोबत एक पाहिजे. सरजाबाई लगेच उठल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, आता तुमी बसा. ग्यानोबा नको नको म्हणू लागले. खरी गोष्ट अशी, की सगळ्या तालुक्याच्या भिंतींवर त्यांचं काम टांगलेलं होतं, पण त्यांचा स्वतःचा फोटो म्हणाल तर मतदान ओळखपत्रावरचा, तोही सरकारी माणसानं काढलेला. कॅमेऱ्याच्या पुढं बसायची त्यांना सवय नव्हती. पण सरजाबाईंनी अंगणवाडीतला सूर लावला आणि ग्यानोबा निमूटपणे राजवाड्याच्या पायरीवर, पाव्हण्याच्या शेजारी जाऊन बसले.

बसले ते सभापतीसारखे. पाठ ताठ, हनुवटी वर, दोन्ही हात गुडघ्यांवर, श्वास धरलेला. सरजाबाईंनी कॅमेरा मांडीवर घेतला आणि मान झुकवली. राजकन्येनं मोबाइल आडवा करून काचेवर धरला.

"हलू नका," सरजाबाई म्हणाल्या. सूर नवऱ्याचा, अगदी खर्जातला.

आणि टक असा आवाज झाला.

ग्यानोबांचे खांदे खाली आले. त्यांनी श्वास सोडला, शर्टाची कॉलर नीट केली आणि पाव्हण्याकडं वळून, आता सुटलो रे बाबा, अशा अर्थानं हसले. पाव्हण्यानंही तोंड वर करून त्यांच्या हनुवटीचा वास घेतला. तेवढ्यात सरजाबाईंचं कोपर राजकन्येच्या कोपराला लागलं आणि तिनं बोट टेकवलं.

"झालं का?" ग्यानोबांनी विचारलं.

"आत्ता झालं," सरजाबाई म्हणाल्या.

ग्यानोबांनी बायकोच्या तोंडाकडं बघितलं, कॅमेऱ्याकडं बघितलं, आणि मग काय घडलं ते त्यांना कळलं. चाळीस वर्षं जी लबाडी त्यांनी आल्या-गेल्या प्रत्येकाशी केली, तिचं पहिलं आणि शेवटचं फळ त्यांना त्या दुपारी स्वतःच्याच घरात मिळालं.

तो फोटो आता बैठकीच्या खोलीत दिवाणाच्या वर लावलेला आहे. लुंबिनीनं तो लातूरला मोठा करून आणला. सुलटा करून आणू का, असं तिनं विचारलं होतं, पण आईनं नको म्हणून सांगितलं. त्यामुळं त्यात ग्यानोबांच्या शर्टाचा खिसा उजवीकडं आहे, घड्याळ उजव्या हातात आहे आणि पाव्हण्याची खाच उजव्या कानाला आहे. घरी आलेलं माणूस फोटो बघून हमखास काहीतरी चुकलंय म्हणतं. ग्यानोबा त्याला काही सांगत नाहीत. खाली बसवतात, पिवळ्या फडक्यातून कॅमेरा काढतात आणि त्याच्या मांडीवर ठेवतात. तेवढ्यात अकरा वाजलेले असतील तर आतून पळीचा आवाज येतो, आणि जिन्याच्या पायरीवरून पाव्हणा उठतो.